फसले की फसवलं?

(प्रभागसंघाच्या वार्षिक सभेत कायदा साथी म्हणून काम करणाऱ्या ताईंनी केलेल्या भाषणाचं हे शब्दांकन. सभेला येऊ न शकलेल्या मैत्रिणींसाठी इथे देत आहोत.)



 मला दिलेल्या वेळेनंतर लगेच जेवण आहे, त्यामुळे कलमांची यादी वाचून तुम्हाला झोप आणणार नाही. मी आज शब्दांबद्दल बोलणार आहे. आपण रोज बोलतो ते शब्द आणि कायदा वापरतो ते शब्द. या दोघांचा मेळ बसला नाही, की तक्रार लिहून घेतानाच तिचं वजन कमी होतं.

एखाद्या ताईबरोबर पोलीस ठाण्यात किंवा बँकेत गेलं, की तिचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं, "साहेब, मी फसले." समोरचा प्रश्नही ठरलेला, "अशा कशा फसलात तुम्ही?" झालं. आता सगळी उत्तरं द्यायची तिनेच. शिक्षण किती झालंय, वाचता येत नव्हतं का, घरात का नाही विचारलं. ज्याने पैसे नेले तो या बोलण्यात कुठेच नाही.

शब्दच बघा ना. पावसाळ्यात गाडी चिखलात फसते. गाळात पाय फसतो. तिथे कुणी मुद्दाम काही केलेलं नसतं. "फसले" म्हटलं की वाटतं, हिचं लक्ष नव्हतं, हिचाच पाय घसरला. पण "फसवलं" म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो, कुणी? आणि मग, काय सांगून? कायद्याला नेमकं हेच हवं असतं. म्हणून माझी पहिली विनंती, तक्रार सांगताना वाक्याची सुरुवात "मी" पासून करू नका, त्या माणसापासून करा. "अमुक माणसाने मला अमुक तारखेला अमुक सांगितलं, ते खोटं होतं, आणि त्यावर विश्वास ठेवून मी इतके रुपये दिले." एवढ्या एका वाक्यात अर्धी तक्रार होते.

आता कायद्याचा शब्द. चारसोबीस हा शब्द इथे कुणाला माहीत नाही? हात वर करा. कुणीच नाही! इंग्रजांनी १८६० साली भारतीय दंड संहिता केली, त्यातलं कलम ४२० फसवणुकीचं. ते इतकं तोंडी बसलं की राज कपूर यांनी १९५५ साली सिनेमाच काढला, श्री ४२०. आपण शाळेत न गेलेल्या आजीच्या तोंडीही ऐकलंय, "तो मेला चारसोबीस आहे." पण १ जुलै २०२४ पासून ती जुनी संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. नव्या गुन्ह्यासाठी आता ४२० नाही, कलम ३१८ आहे. त्याच्या आधी घडलेला गुन्हा मात्र जुन्याच कलमाखाली लिहिला जातो. म्हणजे एफआयआरवर ३१८ दिसलं तर घाबरू नका, साहेबांनी काही वेगळं लिहिलेलं नाही. कायद्याच्या मराठी भाषांतरात याला "ठकवणूक" असंही म्हणतात. ठक म्हणजे ठग, आपलाच जुना शब्द.

या ठकवणुकीचा अर्थ काय? साध्या भाषेत असा, की कुणीतरी लबाडीच्या हेतूने तुम्हाला खोटं भासवतो, आणि त्या खोट्यामुळे तुम्ही तुमची वस्तू किंवा पैसा स्वतःच्या हाताने त्याला देता. किंवा एरवी जे केलं नसतं असं काही करता, आणि त्यातून तुमच्या शरीराचं, मनाचं, अब्रूचं किंवा मालमत्तेचं नुकसान होतं.

"स्वतःच्या हाताने" हे शब्द लक्षात ठेवा. कारण आपल्याला सगळ्यात जास्त ऐकवलं जातं ते हेच, "तुम्हीच दिले ना स्वतःच्या हाताने? कुणी जबरदस्ती केली होती का?" अहो, जबरदस्तीने घेतले असते तर ती लूट झाली असती. न कळत घेतले असते तर चोरी झाली असती. खोटं सांगून आपल्याच हाताने द्यायला लावलं, म्हणून तर ती ठकवणूक! ते वाक्य आपल्याविरुद्ध नाही. ते गुन्ह्याचं वर्णनच आहे.

मग प्रत्येक खोटं बोलणं हा गुन्हा का? नाही. आपल्या भाषेतही तो फरक आहे. लोणकढी थाप वेगळी, आणि टोपी घालणं वेगळं. थापेने कुणाचं काही जात नाही. यावर सर्वोच्च न्यायालयाचा १९६२ सालचा एक निकाल आहे, मला फार आवडतो. दिल्लीच्या एका डॉक्टर बाईंनी मोटार घेतली, आपल्या सहा महिन्यांच्या मुलीच्या नावावर. विम्याच्या कागदांवर, पुढे अपघाताची भरपाई मागताना, त्यांनी मुलीच्या नावाने सह्या केल्या. तान्ही मुलगी कुठून सही करणार? कंपनीने तक्रार केली, उच्च न्यायालयात त्या दोषी ठरल्या. सर्वोच्च न्यायालयाने मात्र सोडलं. न्यायालयाचं म्हणणं असं, की बाई खोटं वागल्या हे खरं, पण त्यातून त्यांना जादा काही मिळालं नाही आणि कंपनीचं काही गेलं नाही. स्वतःच्या नावाने सही केली असती तरी तेवढेच पैसे मिळाले असते. नुसती बतावणी म्हणजे कपट नव्हे. बतावणी आणि नुकसान, दोन्ही लागतं. याचा अर्थ दुसऱ्याच्या नावाने सह्या करत सुटा असा घेऊ नका हं, त्या बाईंना सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं. पण तक्रार करताना "तो खोटं बोलला" एवढ्यावर थांबू नका. त्याने तुमचं काय गेलं तेही सांगा.

आता खरा अवघड भाग. दिलेला शब्द पाळला नाही, तर ती फसवणूक का?

जुन्या दंड संहितेतच याचं एक उदाहरण आहे, निळीचं. तेव्हा नीळ पिकायची, म्हणून निळीचं. एकाने दुसऱ्याला सांगितलं, मी तुला इतकी नीळ देतो, आणि उचल घेतली. द्यायची नाही हे त्याच्या मनात उचल घेतानाच होतं, तर तो ठकवणुकीचा गुन्हा. पण घेताना खरोखर द्यायची होती आणि नंतर त्याने करार मोडला, तर गुन्हा नाही, फक्त दिवाणी दावा. पैसे तेवढेच बुडाले, माणूस तोच, तरी एक पोलिसांचं काम आणि एक कोर्टातल्या दाव्याचं. फरक कशाचा? पहिल्या दिवशी मनात काय होतं त्याचा. आपण म्हणतो ना, तोंडाला पानं पुसली. ते दोन्हीला चालतं. कायद्यात चालत नाही.

तुम्ही म्हणाल, मनातलं कसं सिद्ध करायचं? इथेच आपला गट उपयोगी पडतो. समजा एक माणूस गावात येतो. म्हणतो, अगरबत्तीचं मशीन घ्या, माल आम्हीच परत विकत घेऊ, घरबसल्या महिन्याला इतके मिळतील. सुमनने गटातून कर्ज काढून मशीन घेतलं. माल केला. तो न्यायला कुणी आलं नाही. सुमन एकटी ठाण्यात गेली तर साहेब सांगणार, "बाई, हा व्यवहार आहे, दिवाणी आहे." आणि एकटीच्या कागदावर ते तसंच दिसतं. पण शेजारच्या गावातल्या सहाजणी, पलीकडच्या तालुक्यातल्या दहाजणी, सगळ्यांना तेच वाक्य, तेच माहितीपत्रक, आणि कुणाचाही एक किलो माल कधी उचललेला नाही, ऑफिसचा पत्ता खोटा. मग पहिल्या दिवसापासून मनात काय होतं ते सांगायला वेगळा साक्षीदार लागत नाही. म्हणून अशी गोष्ट घडली की लाजेने गप्प बसू नका. ग्रामसंघाच्या बैठकीत बोला, इतिवृत्तात लिहा, प्रभागसंघाला कळवा. वीसजणींच्या तारखा आणि रकमा एका कागदावर आल्या की तो कागद वेगळं बोलतो. ठेव दुप्पट करून देतो म्हणणाऱ्यांचंही तसंच. आपल्या राज्यात ठेवीदारांसाठी १९९९ चा वेगळा कायदा आहे, एमपीआयडी म्हणतात त्याला, आणि त्यात ठेवी बुडवणाऱ्याच्या मालमत्तेवर टाच आणता येते. तिथेही ठेवीदार एकत्र आले तरच गाडी पुढे सरकते.

हाच नियम आता आपल्या गटाला लावून बघा, जरा कडू लागेल. गटातल्या एखादीचे तीन हप्ते थकले की बैठकीत कुणीतरी बोलून जातं, "हिने गटाला फसवलं." कशावरून? नवऱ्याचा अपघात झाला, कांद्याला भाव मिळाला नाही, बकऱ्या मेल्या. कर्ज घेताना तिला फेडायचंच होतं. ती थकबाकीदार आहे, ठक नाही. हप्ते पुन्हा बांधून द्यायचे का, किती मुदत द्यायची, हे गटाने ठरवावं. पण तिच्या घरापुढे बसून तिला चारसोबीस म्हणू नका. ते कायद्याने चूक आहे आणि माणुसकीनेही.

दुसरा शब्द, विश्वासघात. केसाने गळा कापणं. इथे सुरुवातीला खोटं काहीच नसतं. तुम्ही विश्वासाने, राजीखुशीने वस्तू सोपवता, आणि नंतर तो माणूस ती स्वतःची असल्यासारखी वापरतो. नव्या संहितेत हे कलम ३१६, शिक्षा ५ वर्षांपर्यंत. ठकवणूक करून पैसा किंवा मालमत्ता द्यायला लावली तर ७ वर्षांपर्यंत. गटाची बचत बँकेत भरायला दिली आणि भरलीच नाही, पासबुकावर नोंद नाही, विचारलं की "भरते की उद्या", तर हा विश्वासघात. अध्यक्ष असो की कोषाध्यक्ष, आपलीच नातलग असो. मी नाव न घेता बोलते, पण इथे बसलेल्या काहीजणींना माहीत आहे मी काय म्हणतेय. कोऱ्या विड्रॉल स्लिपांवर तीन सह्या करून ठेवायची पद्धत काही गटांत आहे. वेळ वाचतो म्हणे. ती आजपासून बंद करा. त्यात विश्वास नाही, आळस आहे.

याच विश्वासघाताचा एक निकाल प्रत्येकीच्या घरातला आहे. लग्नात माहेरून आणि सासरहून बाईला मिळालेले दागिने, भांडी, पैसे हे तिचं स्त्रीधन. ते नवऱ्याच्या किंवा सासूच्या ताब्यात ठेवलं म्हणून त्यांचं होत नाही. ते मागितल्यावर दिलं नाही किंवा परस्पर विकलं, तर तो फौजदारी विश्वासघात होऊ शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली सांगितलं. घरात सगळं सगळ्यांचं असतं, असं आपल्याला शिकवलेलं असतं. दागिने गहाण टाकायची वेळ आली की तेवढ्यापुरतं सगळ्यांचं, एवढंच.

एक गोष्ट मला स्पष्ट बोलायची आहे, राग येईल काहींना. दुसरीच्या नावावर कर्ज. कमलला फायनान्स कंपनी आता कर्ज देत नाही, म्हणून ती सुमनला म्हणते, तू तुझ्या नावावर काढ, हप्ते मी भरते. सुमन सही करते, फोटो देते, "कर्ज शिलाई मशीनसाठी" असं सांगते, पैसे कमलला देते. चार महिन्यांनी कमल थांबली. आता सुमन म्हणते, कमलने मला फसवलं. असेलही, कमलच्या मनात आधीपासून तेच असेल तर. पण कंपनीसमोर कर्जदार सुमनच आहे. आणि कंपनीला खोटं कारण कुणी सांगितलं? सुमनने. तिच्याबद्दल मला पूर्ण सहानुभूती आहे, तरी तक्रार घेऊन जाताना हे आधी माहीत असलेलं बरं. मैत्रिणीला मदत करायची तर गटातून करा, ठराव करून, सगळ्यांच्या समोर.

आता गप्प बसण्याची फसवणूक. १८७२ च्या करार कायद्यात कलम १७ कपटाबद्दल आहे, आणि त्यात घोड्याचं उदाहरण दिलंय. एकाने लिलावात घोडा विकला. घोड्यात दोष आहे हे त्याला माहीत होतं, बोलला नाही. कायदा म्हणतो, हे कपट नाही. घेणाऱ्याने बघून घ्यावं. पण घेणारी त्याची स्वतःची मुलगी असेल, नुकतीच सज्ञान झालेली, तर? मग सांगणं हे त्याचं कर्तव्य होतं, त्या नात्यामुळे. आणि तिसरं, घेणाऱ्याने तोंडावर म्हटलं, तू नाही म्हणाला नाहीस तर घोडा चांगला आहे असं मी धरीन, आणि विकणारा गप्प राहिला, तर त्याचं गप्प राहणं म्हणजेच बोलणं.

आपण घोडा घेणार नाही, पण म्हैस घेतो, शेळ्या घेतो. बाजारात दोन माणसांच्या देखत मोठ्याने विचारा, "गाभण आहे ना? चारही सडं चालू आहेत ना? काही खोड असेल तर आत्ता सांगा, नाही सांगितली तर नाही असं धरते." दीडशे वर्षांपूर्वीचा कायदा आपल्या बाजूने उभा राहतो, आणि वकील लागत नाही. मात्र डोळ्यांनी दिसणारं आपणच बघायचं. म्हैस लंगडत असेल आणि घरी आणल्यावर म्हणालात सांगितलं नाही, तर कोण ऐकणार?

त्या मुलीचं उदाहरण मात्र म्हशीपेक्षा मोठं आहे. वडील वारले, भाऊ कागद घेऊन येतो. "ताई, सोसायटीच्या पीक कर्जासाठी सही लागते." गाडी करून निबंधक कार्यालयात नेतो, फोटो, अंगठा, वाटेत साडीही घेतो. दोन वर्षांनी सातबारा काढला तर तिचं नाव नाही. तो कागद हक्कसोडपत्राचा होता. हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच हक्क २००५ पासून देशभर आहे. तो हक्क तिने समजून उमजून, स्वखुशीने सोडला तर तिचा निर्णय, मी काही बोलणार नाही. पण पीक कर्ज सांगून घेतलेली सही म्हणजे कपट. संमती खोटं सांगून मिळवली असेल तर तो व्यवहार रद्द करून मागता येतो. बाई निरक्षर असेल आणि फायदा तिच्या विश्वासातल्या माणसाला झाला असेल, तर तिला कागद वाचून, समजावून सांगितला होता हे त्या माणसानेच दाखवावं, अशी भूमिका न्यायालयांनी पुष्कळदा घेतली आहे. मुदत मात्र आहे. खरं कळलं त्या दिवसापासून ३ वर्षं. "भाऊबीज होऊ दे, मग बोलू," करत तीन भाऊबीजा जातात. आणि सही करण्याआधी एक प्रश्न विचारायचा, "या कागदाचं नाव काय आहे?" नाव सांगताना माणूस चाचरला, तर चष्मा घरी राहिला म्हणून उठून यायचं. हे खोटं चालेल, लोणकढीत बसतं.

मोबाईलचं आणि अंगठ्याचं थोडक्यात. गावातल्या केंद्रावर "अंगठा लागला नाही, परत लावा" म्हणून दोनदा पैसे काढल्याच्या तक्रारी येतात. प्रत्येक अंगठ्याची पावती मागा, व्यवहार झाला नाही असं सांगितलं तरी त्याचीही. महिन्यातून एकदा पासबुक भरून घ्या. फोनवरून, ओटीपी विचारून पैसे गेले तर रडण्याआधी १९३० लावा. पैसा पुढच्या खात्यांत फिरायच्या आत अडवता आला तर येतो, म्हणून दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. नंतर बँकेतही लेखी द्या.

शेवटी मगाशी चिठ्ठी आली होती त्याचं उत्तर. ताईंनी लिहिलंय, "पोलीस म्हणतात हे दिवाणी आहे, आम्ही घेत नाही. मग काय?" आधी तक्रार लेखी द्या. त्याने काय सांगितलं, कधी, कुणासमोर, खरं काय होतं, तुमचं किती गेलं, आणि पहिल्यापासून द्यायचं नव्हतं असं कशावरून वाटतं. हे शेवटचं विसरू नका, दिवाणी की फौजदारी ते त्यावर ठरतं. अर्जाची पोच घ्या. घेतच नसतील तर तोच अर्ज पोस्टाने जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना पाठवा, तसा हक्क कायद्यात लिहिलेला आहे. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. गुन्हा नोंदवला तर एफआयआरची प्रत तुम्हाला फुकट मिळते. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून अडू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी, मोफत वकील मिळतो. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते, फोन करायचा तर १५१००.

अर्ज लिहायला मदत हवी असेल तर मी बाजाराच्या दिवशी प्रभागसंघाच्या कार्यालयात असते. येताना पासबुक आणा, पावत्या आणा, त्या माणसाचे मेसेज पुसू नका. आणि कृपा करून फोन चार्ज करून आणा, आमच्याकडे एकच प्लग आहे.